घरविक्री करारभंग : न्यायालयाचे अधिकारक्षेत्र (ठाणे व नवी मुंबई)

साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) करून व इसार (आगाऊ रक्कम) घेऊन घरमालकाने पुढे खरेदीखत (प्रत्यक्ष विक्रीचा दस्त) करून देण्यास नकार दिल्यास खरेदीदाराने दावा कोणत्या न्यायालयात लावावा, हे ठरविणारे नियम. येथे विचार पुनर्विक्रीच्या घरांचा केला आहे. विकासकाविरुद्धच्या तक्रारींसाठी २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याखालील महारेराची (राज्याच्या स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाची) वेगळी वाट आहे. घर विकणाऱ्या खाजगी मालकाला ती लागू होत नाही.

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील कलम १६ नुसार स्थावर मिळकतीच्या ताब्याचा किंवा तीतील हक्काचा दावा मिळकत जेथे असेल तेथील न्यायालयात लावावा लागतो. कलम २० नुसार इतर दावे प्रतिवादी राहतो तेथे किंवा वादकारण (दाव्याला कारण ठरलेली घटना) घडले तेथे लावता येतात. साठेखताच्या पूर्ततेचा दावा यांपैकी कोणत्या कलमात बसतो, हा वाद बराच जुना आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५४ प्रमाणे साठेखताने मिळकतीत हितसंबंध निर्माण होत नाही. म्हणून हा दावा मूलतः व्यक्तीविरुद्धचा, असे एका पक्षाचे म्हणणे. असाच प्रश्न उच्च न्यायालयांतही आला : मुंबई उच्च न्यायालयाच्या १८६५ च्या सनदेतील (लेटर्स पेटंट) खंड १२ मध्ये ‘जमिनीबाबतचा दावा’ असा शब्दप्रयोग आहे. त्याचा अर्थ मुंबई उच्च न्यायालयाने सामान्यतः संकुचित, तर कलकत्ता उच्च न्यायालयाने व्यापक लावला. ॲडकॉन इलेक्ट्रॉनिक्स प्रकरणात (२००१) सर्वोच्च न्यायालयाने, ताबा मागितला नसेल तर केवळ करारपूर्तीचा दावा जमिनीबाबतचा ठरत नाही, असे म्हटले. मात्र तो निर्णय खंड १२ वरील आहे. संहितेच्या कलम १२० नुसार उच्च न्यायालयाच्या मूळ दिवाणी अधिकारक्षेत्राला (दावे थेट ऐकण्याच्या अधिकाराला) कलमे १६ व २० लागू नाहीत, आणि ते क्षेत्र मुलुंडच्या चेकनाक्यापाशी संपते. तेव्हा ॲडकॉनचा आधार ठाण्याच्या दिवाणी न्यायालयात जसाच्या तसा घेता येईल असे दिसत नाही. हर्षद चिमणलाल मोदी प्रकरण (२००५) येथे अधिक उपयुक्त. त्यात करार दिल्लीत, पैसे दिल्लीत आणि भूखंड गुरगावात होता. ताब्यासह करारपूर्ती मागितल्याने दिल्लीच्या न्यायालयाला अधिकार नाही, असे ठरले. दिल्लीची न्यायालये निवडणारी करारातील अटही टिकली नाही. मुळात अधिकारच नसलेल्या न्यायालयाला तो पक्षकारांच्या संमतीने मिळत नाही.

विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम २२ नुसार ताबा मिळण्यासाठी तो स्पष्टपणे मागावा लागतो. राहून गेल्यास दाव्यात दुरुस्ती करता येते. घर हवे असलेला खरेदीदार ताबा मागतोच, म्हणून व्यवहारात कलम १६ च निर्णायक ठरते.

नवी मुंबईत ‘मिळकत कोठे’ हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. सिडको या शासकीय महामंडळाने (स्थापना १९७०) वसविलेले हे शहर दोन जिल्ह्यांत पसरले आहे. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, कळंबोली रायगडच्या पनवेल तालुक्यात. बेलापूर आणि खारघर शेजारी असले तरी खारघरच्या घराचा दावा पनवेलकडे जातो. पत्त्यावरील ‘नवी मुंबई’ या शब्दांवर विसंबू नये. साठेखतातील मिळकतीच्या वर्णनात गाव व तालुका पाहावा. सिडकोची जमीन भाडेपट्ट्याची असली तरी पट्ट्याचा हक्कही स्थावर मिळकतच आहे.

न्यायालयाचा दर्जा दाव्याच्या मूल्यावर ठरतो आणि महाराष्ट्र न्यायालय शुल्क अधिनियमानुसार करारपूर्तीच्या दाव्याचे मूल्य म्हणजे ठरलेला मोबदला. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांची मर्यादा ५ लाख रुपये आहे. तेवढ्यात ठाण्यात आज खोलीही मिळणे कठीण, त्यामुळे असे दावे वरिष्ठ स्तराकडेच जातात.

केवळ इसार परत हवा असल्यास कलम २० चालते : विक्रेता डोंबिवलीत राहत असेल तर दावा कल्याणला लावता येतो. मात्र त्या रकमेसाठी घरावर बोजा (रक्कम घरातून वसूल करण्याचा हक्क) मागितला, की पुन्हा कलम १६.

दावा लावण्याची मुदत, परिसीमा अधिनियम, १९६३ च्या अनुच्छेद ५४ नुसार, तीन वर्षे : कराराने तारीख ठरलेली असल्यास त्या तारखेपासून, नसल्यास नकार कळल्यापासून. चुकीच्या न्यायालयात लावलेला दावा फेटाळला जात नाही, योग्य न्यायालयात सादर करण्यासाठी वादपत्र (दाव्याचा लेखी अर्ज) परत मिळते. सद्भावनेने व तत्परतेने चालविला असेल तर तेथे गेलेला काळ परिसीमा अधिनियमाच्या कलम १४ खाली मुदतीतून वजा होतो.