षट्कोनी आलेख : व्ह्यूपोर्ट व क्लिपिंग

आर या संगणकभाषेतील ‘हेक्सबिन’ पॅकेजने काढलेल्या आलेखाची चौकट ठरवण्याची आणि चौकटीबाहेर जाणारे रेखाटन कापायचे की राखायचे ते ठरवण्याची पद्धत.

लाखो नोंदींचा विखुरआलेख काढला, की बिंदूंवर बिंदू पडून दाटी कुठे जास्त आहे तेच कळेनासे होते. डॅनियल कार आणि सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये सुचवलेला उपाय असा : प्रतलाचे सारखे षट्कोन पाडावेत, प्रत्येकातले बिंदू मोजावेत आणि ती संख्या रंगाने किंवा आकारमानाने दाखवावी. फट न ठेवता प्रतल भरणाऱ्या सुसम बहुभुजांपैकी षट्कोन वर्तुळाला सर्वांत जवळचा, म्हणून त्याची निवड.

हेक्सबिन ‘ग्रिड’ या आलेखन-यंत्रणेवर चालते. तिथे व्ह्यूपोर्ट म्हणजे स्वतःची मापनश्रेणी असलेला आयताकृती भाग. त्याच्या उंची-रुंदीचे गुणोत्तर बिनिंगच्या, म्हणजे बिंदू षट्कोनांत वाटण्याच्या, वेळी दिलेल्या ‘शेप’शी (उंची-रुंदीच्या अपेक्षित गुणोत्तराशी) जुळले नाही, तर षट्कोन चेपटलेले दिसतात, ‘हेक्सव्ह्यूपोर्ट’ हे फंक्शन समास कमीजास्त करून ते गुणोत्तर सांभाळते.

खरी मेख कडेच्या षट्कोनांत आहे. त्यांचे केंद्र मर्यादेच्या आत असले, तरी अंगाचा काही भाग बाहेर जातो. तो कापला, तर मोजणी पूर्ण असूनही षट्कोन अर्धवट उरतो. आकारमानच संख्या सांगत असेल, तर वाचकाला सरळ चुकीचा आकडा दिसतो. म्हणून षट्कोन क्लिपिंग (चौकटीबाहेरचे रेखाटन कापणे) बंद ठेवूनच काढावेत. त्यांच्यावर काढलेली समाश्रयण रेषा (बिंदूंचा एकूण कल दाखवणारी रेषा) मात्र मोकळी सोडली, तर अक्षांवरच्या आकड्यांत आणि रंग-आकारमानाचा अर्थ सांगणाऱ्या सूचीत घुसते. या दोन परस्परविरोधी गरजांसाठी ‘हेक्सव्हीपी’ वस्तूत एकाच मापनश्रेणीचे दोन व्ह्यूपोर्ट असतात, एक क्लिपिंग चालू असलेला आणि एक बंद असलेला. ही रचना फार विचारपूर्वक केलेली आहे.

आलेखात नंतर भर घालायची, तर ‘प्लॉट’ने परत दिलेले व्ह्यूपोर्ट व्हेरिएबलमध्ये जपून ठेवावे लागतात. ‘पुशहेक्सपोर्ट’ने हवा तो उघडायचा, रेखाटायचे आणि ‘पॉपव्ह्यूपोर्ट’ने बाहेर पडायचे. आरच्या मूळ आलेखनातले ‘लाइन्स’ हे रेषा काढणारे फंक्शन इथे उपयोगाचे नाही, कारण ग्रिडची मापनश्रेणी त्याला ठाऊक नसते. सरळ रेषेसाठी ‘हेक्सव्हीपी-एबलाइन’ आहे.

‘जीजीप्लॉट२’ या आरच्याच दुसऱ्या आलेखन-पॅकेजमध्ये षट्कोन काढताना वेगळी काळजी घ्यावी लागते. तिथे अक्षाच्या मापनश्रेणीलाच मर्यादा घातली, तर बाहेरचे बिंदू मोजणीपूर्वीच गळतात आणि षट्कोनांची जाळीही बदलू शकते. ‘कोऑर्ड-कार्टेशियन’ने घातलेली मर्यादा फक्त दृश्य जवळ आणते, मोजणीला हात लावत नाही.