ट्रंकेच्या झाकणातली मधुबाला

आमच्या माळ्यावर आत्याची पत्र्याची ट्रंक आहे. झाकण उघडलं की आतून मधुबाला, नूतन, दिलीपकुमार आणि एका कोपऱ्यात भगवानदादा. सगळी मासिकांतून कापलेली चित्रं, भाताच्या शितांनी चिकटवलेली. कडांना कसर लागली आहे, मधुबालेच्या गालावर गंजाचा डाग आला आहे, पण हसू शाबूत आहे. आत्याने यांतल्या बहुतेकांना पडद्यावर पाहिलं ते लग्न होऊन मुंबईला गेल्यावर. चित्रं मात्र त्याआधीची, गावातली. कधी न पाहिलेल्या माणसांवर कोकणातल्या पोरीबाळींचा एवढा जीव कसा जडला, हे सांगायचं तर थोडं मागे जायला हवं.

नटावर जीव लावायला कोकण शिकलं ते दशावतारात. त्रिपुरी पौर्णिमेच्या सुमारास जत्रा सुरू झाल्या की मोचेमाडकर, पार्सेकर, वालावलकर अशी मंडळं गावोगाव फिरायची. देवळापुढे एक बाकडं, बाजूला पेटी, मृदंग आणि झांज, एवढ्यावर रात्र उजाडायची. संवाद लिहिलेले नसत. राजाला त्या रात्री जे सुचेल ते खरं. स्त्रीपार्टही पुरुषच करत. नट आरसा पुढे घेऊन स्वतःच स्वतःचा चेहरा रंगवायचा आणि पोरं त्याच्याभोवती उकिडवी बसून एकटक बघायची. अमक्याचा राजा, तमक्याची द्रौपदी, अशी नावं घेत माणसं मैलोन् मैल चालत जायची. चालीवरून, शब्द फेकण्यावरून नट ओळखायचा आणि पुढे वर्षभर त्याच्या गजाली करायच्या, ही सवय सिनेमाच्या कितीतरी आधीची.

सिनेमा आला तो मुंबईत, आणि तिथे कोकणी माणूस होताच. ३ मे १९१३ला दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. १४ मार्च १९३१ला पहिला हिंदी बोलपट आला तोही गिरगावातच, मॅजेस्टिकमध्ये. १९३६ साली प्रभातचा ‘संत तुकाराम’ सेंट्रलला वर्षभराहून जास्त चालला. गिरणगावात रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं (सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १९८१मध्ये) गावकरी मंडळाच्या खोल्यांत दाटीवाटीने राहायची, पाळीप्रमाणे झोपायची. सुट्टीच्या दिवशी पिटातलं, म्हणजे पडद्यालगतचं स्वस्तातलं तिकीट ही त्यांची चैन.

हाच चाकरमानी शिमग्याला, मे महिन्यात भाऊच्या धक्क्यावर बोटीत बसायचा आणि रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करत आपापल्या बंदरात उतरायचा. सामानात कापड, साबण, खाऊ आणि तळाला जुनी मासिकं. रात्री खळ्यात कंदील ठेवून आख्खा सिनेमा सांगितला जायचा, गाण्यांसकट. आमचे एक काका त्यात पटाईत होते. दिलीपकुमार बोलता बोलता आवाज कसा खाली आणतो हे सांगताना तेही आवाज खाली आणायचे, आणि वाडीतली माणसं ऐकायला पुढे सरकायची. “मधुबाला हसता तसा कोणाक हसाक येवचा नाय,” हे आत्या त्यांच्याकडून ऐकूनच म्हणायला लागली. माझ्या मते कोकणातल्या या वेडाचं मूळ इथेच आहे. आमच्याकडे सिनेमा आधी ऐकला गेला, मग पाहिला गेला. ऐकलेला चेहरा ज्याने त्याने आपल्या मनात घडवला, म्हणून तो इतका आपला झाला.

तंबूतला सिनेमाही यायचा, पण दिवाळीनंतर. मिरग तोंडावर आला की तंबू गुंडाळायचे. पावसाचे चार महिने आधार चित्रांचाच. १९४१मध्ये लीला चिटणीस लक्स साबणाच्या जाहिरातीत आल्या, त्या पहिल्या भारतीय नटी. त्यानंतर मासिकाच्या पानावर एका बाजूला साबण आणि दुसऱ्या बाजूला नटीचा चेहरा हे नेहमीचं झालं. १९५२च्या अखेरीस रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली. ज्या घरात रेडिओ, त्या घराच्या ओटीवर बुधवारी रात्री वाडी गोळा व्हायची.

या झगमगाटाला कोकणानेही आपलं काही दिलं. शिरोड्याच्या शाळेत १९२० ते १९३८ मास्तरकी करणाऱ्या वि. स. खांडेकरांच्या कथेवर मास्टर विनायकांनी १९३६मध्ये ‘छाया’ काढला. दापोली तालुक्यातल्या पालगडची ‘श्यामची आई’ आचार्य अत्र्यांनी १९५३मध्ये पडद्यावर आणली, त्या चित्रपटाला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं, आणि त्यात आई झालेल्या वनमालाचं नाव कोकणातल्या बायका घरातल्या माणसासारखं घेऊ लागल्या. चिपळूणचे काशीनाथ घाणेकर दाताचे डॉक्टर. रंगभूमी आणि मराठी सिनेमा दोन्हींकडे त्यांनी टाळ्या-शिट्ट्या घेतल्या.

पण आमच्या घरात सगळ्यांत लाडके भगवानदादा. पुरं नाव भगवान आबाजी पालव. पालव हे आडनाव आमच्याकडे कुणालाही आपल्या माणसाचं वाटणारच. गिरणी कामगाराचा मुलगा, स्वतः मजुरी केलेला, अंगाने गोल, देखण्या नायकांच्या रांगेत कुठेही न बसणारा. १९५१च्या ‘अलबेला’त तो गीता बालीसमोर उभा राहिला आणि नुसता झुलला. कोपरं दुमडलेली, पावलं जेमतेम हललेली, चेहऱ्यावर निर्मळ आनंद. असा नाच कुणालाही जमतो, आणि म्हणूनच तो गणपतीच्या मिरवणुकीत उतरला. पुढे पैसा गेला, बंगला गेला, गाड्या गेल्या. दादरच्या चाळीतल्या खोलीत राहून २००२मध्ये ते गेले. आत्याने त्या दिवशी माळ्यावरून ट्रंक खाली काढायला लावली होती.

आत्याचं लग्न १९६१चं. ‘मुघल-ए-आझम’ आदल्या वर्षी ऑगस्टमध्ये मराठा मंदिरला लागला होता आणि अजून उतरला नव्हता. लग्नानंतर महिन्याभरात काकांनीच दोघांची तिकिटं काढून दिली. आत्या सांगते, मधुबाला पडद्यावर आल्यापासून तिला गोष्ट नीट कळलीच नाही. ती एकाच क्षणाची वाट बघत होती, काका सांगायचे तशी ही हसते का. हसली, तेव्हा आत्याने शेजारी बसलेल्या नवऱ्याचा हात धरला, चारचौघांत पहिल्यांदा.