सेल्फची बॅटरी वेगळी, रात्रीची वेगळी

वाऱ्यावर चालणाऱ्या नौकेला बॅटरी कशाला, असं अनेकांना वाटतं. पण पंचवीस-तीस फुटी शिडाच्या नौकेतही धक्क्याला लागण्यापुरतं छोटं डिझेल इंजिन असतं. त्याला सेल्फ असतो. शिवाय नांगर टाकल्यावर रात्रभर दिवे आणि फ्रिज चालवायचा असतो. मालक दुकानात जाऊन म्हणतो, "सगळ्यात जास्त अँपिअर-तासांची द्या." चूक होते ती इथे.

हिशेब करून पाहा. सेल्फने 300 अँपिअर ओढले तरी ते तीनच सेकंद, म्हणजे पाव अँपिअर-तास. 5 अँपिअरचा फ्रिज 10 तासांच्या रात्रीत निम्मा वेळ चालला, तर 25 अँपिअर-तास. शंभरपट! एकाला दणका हवा, दुसऱ्याला दम.

नेहमीच्या लेड-अ‍ॅसिड बॅटरीत हे दोन्ही एकत्र का जमत नाही, ते फार सुंदर आहे. तिच्यात एक प्लेट शिशाची, दुसरी लेड डायऑक्साइडची, आणि भोवती सौम्य गंधकाम्ल. वीज देताना दोन्ही प्लेटवर लेड सल्फेट तयार होतं. प्लेट स्पंजासारखी सच्छिद्र असते. एकदम मोठा प्रवाह मागितला की छिद्रांतलं आम्ल लगेच विरळ होतं आणि बाहेरचं आत झिरपायला वेळ लागतो. म्हणून सेल्फच्या बॅटरीत पातळ प्लेटा पुष्कळ घालतात. पृष्ठभाग वाढतो, आम्लाची वाट छोटी होते.

पण लेड सल्फेटला जागा जास्त लागते, शिशाच्या सुमारे अडीचपट आणि डायऑक्साइडच्या जवळजवळ दुप्पट. बॅटरी उतरली की प्लेटमधला मसाला, म्हणजे वीज देणारा लगदा, फुगतो, चार्ज झाली की आक्रसतो. रोज खोलवर उतरवली तर पातळ प्लेटचा मसाला सुटून त्याचा गाळ तळाशी बसतो. घरच्या इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटरीत हाच मसाला नळ्यांमध्ये धरून ठेवलेला असतो, म्हणून ती टिकते. मात्र कलंडणाऱ्या नौकेत पाणी भरायची बॅटरी नको, आम्ल सांडतं. एजीएम (आम्ल काचतंतूंच्या गादीत शोषलेलं) किंवा जेल (आम्ल घट्ट केलेलं) प्रकारातली डीप-सायकल, म्हणजे वारंवार खोलवर उतरवण्यासाठी बनवलेली, बॅटरी घ्यावी आणि शक्यतो निम्म्याखाली उतरू देऊ नये.

अर्धवट चार्ज ठेवलेल्या बॅटरीत सल्फेटचे बारीक स्फटिक विरघळून मोठे, टणक होतात आणि मग चार्ज करूनही पूर्ववत होत नाहीत. शेवटचा पाचवा हिस्सा भरायला काही तास लागतात. अर्धा तास इंजिन चालवून तो भरत नाही, त्यासाठी छोटं सोलर पॅनल लावावं. बॅटरी सिमेंटच्या जमिनीवर ठेवली की उतरते, हा समज मात्र सोडून द्या. आजच्या प्लास्टिकच्या खोक्यातून जमिनीत वीज जात नाही.

लेड-अ‍ॅसिडऐवजी मिळणारी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी हलकी आणि दमदार असते, पण 'लावा आणि विसरा' ही जाहिरात झाली. चार्जिंग चालू असताना तिच्या संरक्षण-सर्किटने बॅटरी अचानक तोडली, तर अल्टरनेटरचे (इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राचे) डायोड जळू शकतात.

साधं डिझेल इंजिन एकदा सुरू झालं की ठिणगीची गरज नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच डिझेल पेटतं. वीज लागते ती पहिल्या फेऱ्यांना. म्हणून सेल्फच्या बॅटरीवर फ्रिज जोडू नये. दोन्हींना वेगळे स्विच असावेत आणि मधे असा रिले, म्हणजे आपोआप चालणारा स्विच, जो अल्टरनेटर चालू असतानाच त्यांना जोडेल.