घरी शिकणारी मुलं आणि ‘शाळाबाह्य’ हा रकाना : पार्श्वभूमी

मंगळवारी सकाळी अकरा वाजता आठ-नऊ वर्षांचं पोर मंडईत मेथीची जुडी पारखताना दिसलं, की प्रश्न ठरलेला असतो, ‘काय रे, आज शाळा बुडवली?’ घरी शिकणाऱ्या मुलांना हे इतक्यांदा विचारलं जातं की त्यांची उत्तरंही तोंडपाठ असतात. या कुटुंबांचा दिवस कसा जातो, मुलं काय खातात, कुठे हिंडतात, गणित कोण शिकवतं, याबद्दल लोकांना कुतूहल असतं. पण कायद्याच्या चौकटीत ही कुटुंबं नेमकी कुठे बसतात, हा प्रश्न गेली पंधराएक वर्षं लोंबकळत पडला आहे. हे टिपण मुख्यतः त्या वर्षांविषयी आहे. आमच्या घरातली दोन मुलं शाळेत जात नाहीत, हे आधीच सांगते. वाचताना ते ध्यानात असू द्यावं.

‘घरी शिकणं आपल्याकडे पूर्वापार आहे’ असं हमखास ऐकू येतं. ते अर्धंच खरं. गंगामूळच्या रानात आईकडून संस्कृत शिकलेली, आईवडिलांबरोबर तीर्थं करत देशभर पायी फिरलेली मुलगी १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांकडून ‘पंडिता’ म्हणवली गेली. नवऱ्याकडून घरी शिकलेल्या बायकांच्या आठवणीही मराठीत आहेत. पण ही घरं मोजकी, अक्षर आधीपासून हाताशी असलेली. बाकीच्या घरांत घरी शिकणं म्हणजे बापाचा धंदा शिकणं, आणि कित्येकांना पंतोजीच्या ओट्याची पायरीही चढू दिली जात नव्हती. सक्ती आली ती त्यांच्यासाठी. बडोदा संस्थानात आधी १८९३ साली अमरेली भागात, मग १९०६ पासून संस्थानभर. कोल्हापुरात १९१७ साली, तीही मूल शाळेत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवून. घरी शिकवणाऱ्या आम्हा पालकांनी ‘सक्ती’ हा शब्द नाक मुरडून उच्चारू नये, असं मला मनापासून वाटतं. ज्यांच्या पोरांना शाळेचं दार बंद होतं, त्यांच्या बाजूने तो शब्द कायद्यात आला आहे.

पुढे स्वातंत्र्याच्या आगेमागे निरनिराळ्या प्रांतांत प्राथमिक शिक्षणाचे कायदे झाले. त्यांपैकी अनेकांत मुलाच्या गैरहजेरीची रास्त कारणं दिलेली असत, आणि त्यांत आजारपणाच्या जोडीला आणखी एक कारण असे : मूल अन्य रीतीने समाधानकारक शिक्षण घेत आहे. दिल्लीचा १९६० चा कायदा हे त्याचं एक उदाहरण. म्हणजे सक्ती होती, पण भिंतीला एक खिडकी होती. ती फारशी कुणी वापरली नाही, म्हणून ती बंद झाल्याचंही कुणाच्या फारसं लक्षात आलं नाही.

‘होमस्कूलिंग’ हा शब्द मात्र अमेरिकेतून आला. तिथे १९७७ साली बोस्टनहून या विषयाला वाहिलेली एक पत्रिका निघू लागली आणि तिच्याबरोबर ‘अनस्कूलिंग’, म्हणजे ठरीव अभ्यासक्रमाशिवाय मुलाच्या कलाने शिकणं, हा दुसरा शब्दही पसरला. आपल्याकडचा ओघ वेगळ्या वाटेने आला होता : १९३७ पासून वर्ध्याची गांधीजींची नई तालीम, जिथे सूतकताई, शेती आणि स्वयंपाक हीच पाठ्यपुस्तकं होती; १९४५ नंतर बोर्डी आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणात आणि कुरणात भरलेल्या शाळा. ‘शाळेने मुलाकडे जावं’ हा विचार तिथला. नव्वदच्या दशकापासून महाराष्ट्रातल्या ज्या पालकांनी मुलांना घरी ठेवलं, त्यांच्या बोलण्यात हे दोन्ही ओघ मिसळलेले दिसतात. ‘घरशाळा’, ‘गृहशिक्षण’, ‘मुक्तशिक्षण’ असे मराठी शब्द करून पाहिले गेले. रुळला एकही नाही. ‘घरशाळा’ म्हटलं की घरातच फळा टांगून दिवसभर वर्ग घेतात असं लोकांना वाटतं, आणि नेमकं तेच बहुतेक घरांत होत नाही.

होतं काय, ते एका उदाहरणाने सांगते. आमच्याकडे थालीपिठाची भाजणी घरी होते. बाजरी, ज्वारी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने. प्रत्येक वेगळं भाजायचं, कारण प्रत्येकाला लागणारा वेळ वेगळा. एकदा थोरल्याने उडीद करपवला. तो तसाच दळून आणला आणि तीन आठवडे सगळ्यांनी कडवट थालीपीठ खाल्लं. तेव्हापासून कढईपाशी तो नाक पुढे करून उभा असतो. रंग बदलण्याच्या जरा आधी वास बदलतो, हे त्याने स्वतः शोधून काढलं. आजीकडे जुनी मापं आहेत : दोन चिपटी म्हणजे एक मापटं, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे पायली. ‘पायलीत चिपटी किती?’ असं तिने विचारल्यावर धाकटीने तोंडी उत्तर दिलं नाही. ज्वारी घेतली, फरशीवर ओतून ओतून मोजली आणि सोळावर थांबली. आजीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी अजून येते. हे अपूर्णांकांचे पाढे पंतोजीच्या काळी घोकून घेत, आणि बाजारातल्या अशाच मापांच्या हिशेबाला ते कामी येत. वर्गात ‘एक छेद सोळा’ असं लिहिलेलं असतं. इथे ते हाताला लागतं.

सहलींचंही तसंच. शनिवार-रविवारची गर्दी टाळून आठवड्याच्या मधल्या वारी जाता येतं, हा घरी शिकण्याचा साधा पण मोठा फायदा. जुन्नरजवळ नाणेघाटात सातवाहनांच्या लेण्याच्या भिंतींवर ब्राह्मी लेख आहे. यज्ञांत दान दिलेल्या गायी, घोडे, कार्षापणं म्हणजे त्या काळची नाणी, यांचे आकडे त्यात अंकांत कोरलेले आहेत. देशातल्या सर्वांत जुन्या अंकलेखनांपैकी ते एक. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे, तो जकातीचा असं परंपरेने सांगतात. मुलांनी दोरीने त्याचा घेर मोजला आणि ‘यात किती पायल्या मावतील’ यावर परतीचा सगळा रस्ता वाद घातला. वाटेत खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तबकड्या लांबून दिसल्या, तेव्हा तो वाद थांबला.

आता मूळ गुंत्याकडे. २००२ साली घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक बालकाला ‘शिक्षणाचा’ मूलभूत हक्क मिळाला. त्याच दुरुस्तीने पालकाच्या मूलभूत कर्तव्यांत भर पडली : पाल्याला शिक्षणाची संधी उपलब्ध करून देणं. दोन्ही ठिकाणी शब्द ‘शिक्षण’ आहे, ‘शाळा’ नाही. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला, आणि त्यात हाच हक्क ‘नजीकच्या शाळेत’ शिक्षण घेण्याचा झाला. कलम १० प्रमाणे मुलाला नजीकच्या शाळेत दाखल करणं हे पालकाचं कर्तव्य. ‘सक्तीचं शिक्षण’ या शब्दाचा अर्थ कायद्यात दिला आहे तो मात्र सरकारवरचं बंधन असा : प्रवेश, हजेरी आणि प्राथमिक शिक्षणाची पूर्तता यांची हमी सरकारने द्यायची. पालकाला दंड नाही, शिक्षा नाही. कोल्हापूरच्या १९१७ च्या एक रुपयाशी हे ताडून पाहावं. मान्यतेशिवाय शाळा चालवणाऱ्याला मात्र एक लाखापर्यंत दंड आहे. म्हणून दोन-चार घरांनी मिळून एका ओसरीवर मुलं जमवली, तर ती ‘शाळा’ ठरते की नाही, ही धास्ती पालकांच्या बैठकांत सतत असते.

या आठ वर्षांत ‘शिक्षण’ सरकून ‘शाळा’ झालं. का झालं हे समजण्यासारखं आहे. तेव्हा कोट्यवधी मुलांसमोर प्रश्न शाळा आहे की नाही हा होता, घरी शिकावं की शाळेत हा नव्हता. अनौपचारिक वर्गांच्या नावाखाली गरिबांच्या पोरांना दुय्यम काहीतरी देऊन बोळवण होते, हा अनुभव ताजा होता. कायदा करणाऱ्यांनी पळवाटा बुजवल्या, आणि त्यात ती जुनी खिडकीही गेली.

मग २०१२ साल उजाडलं. एकाच वर्षात दोन गोष्टी झाल्या आणि त्या एकमेकींच्या विरोधात वाचता येतात. घरी शिकणाऱ्या एका किशोरवयीन मुलीची याचिका दिल्ली उच्च न्यायालयात होती. तीत केंद्राच्या संबंधित खात्याने प्रतिज्ञापत्रात म्हटलं, की स्वेच्छेने घरी शिकवणारे पालक तसं करत राहू शकतात, हा कायदा त्याच्या आड येत नाही. पालकांच्या वर्तुळात त्या दिवशी पेढे वाटायचेच बाकी होते. पण पुढे खात्याचा हा सूर टिकला नाही, आणि त्या प्रतिज्ञापत्राला कायद्याचं बळ कधी मिळालंच नाही.

दुसरी गोष्ट त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून लागू झालेली शिक्षण हक्क कायद्यातली दुरुस्ती. बहुविकलांग आणि तीव्र अपंगत्व असलेल्या बालकांना ‘गृहाधारित शिक्षण’ निवडण्याचा हक्क तिने दिला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं हे सर्वांत वादग्रस्त वाक्य. घरी शिकवणारे म्हणतात : बघा, घरी शिकणं हेही शिक्षणच, हे कायद्यानेच मान्य केलं. उलट बाजूचे म्हणतात : अपवाद नावानिशी एकाच गटाला दिला, याचा अर्थ बाकी सर्वांना तो नाकारला. कायदा वाचण्याच्या रूढ पद्धतीत दुसरा युक्तिवाद वजनदार आहे, हे मान्य करावं लागतं. अपंग मुलांच्या पालकांचं म्हणणं तिसरंच होतं, आणि ते फारसं ऐकलं गेलं नाही : घरी शिकण्याच्या ‘निवडी’चं निमित्त करून शाळा आमच्या मुलांना दारातूनच परत पाठवतील. ज्या तरतुदीकडे आम्ही आशेने पाहत होतो, तिच्यामुळे दुसऱ्या कुणाच्या मुलाची शाळा सुटू शकत होती. हे कळल्यावर मी त्या कलमाचा दाखला देणं सोडलं.

सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नावर थेट निकाल दिलेला नाही. व्यवहारात कुटुंबांना अडवलं जात नाही आणि मान्यताही दिली जात नाही.

पण कागदाला रकाना लागतो. महाराष्ट्रात तो रकाना आहे ‘शाळाबाह्य’. शाळेत कधीच न घातलेलं, प्राथमिक शिक्षण पुरं न करता शाळा सोडलेलं, किंवा महिनाभराहून अधिक काळ सलग गैरहजर असलेलं सहा ते चौदा वयाचं मूल म्हणजे शाळाबाह्य. ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर एकाच दिवशी अशा मुलांची पाहणी झाली. पाहणी झालेल्या मुलाच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली गेली. वीटभट्ट्या, ऊसतोड्यांची पालं, रेल्वे स्थानकं, सिग्नल पालथे घालणं हा तिचा हेतू होता. पुढे याच कामासाठी शिक्षकांमधून ‘बालरक्षक’ पुढे आले, ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं चालली. या कामाला मी मनापासून मान देते. कोयता खांद्यावर घेऊन ऑक्टोबरात बीडहून निघालेल्या आईबापांबरोबर जाणारी मुलगी आणि नाणेघाटात अंक वाचणारी माझी मुलगी, दोघी एकाच शब्दात मोजल्या जातात. तिच्यासाठी तो शब्द हवाच, कारण त्यामुळे कुणीतरी तिला शोधत येतं. माझ्या मुलीसाठी तो चुकीचा आहे. पण तो रकाना सैल केला, तर आधी निसटेल ती उसाच्या फडातली मुलगी, आणि इथेच घरी शिकवणाऱ्यांच्या मागण्या अडतात. सरसकट सूट मागण्यापेक्षा नोंदणी आणि अधूनमधून पाहणी यांसह वेगळा रकाना मागावा, असं म्हणणारे पालक आता वाढत आहेत. मीही त्यांतलीच. सरकारी पाहणी नकोच, असं म्हणणाऱ्यांशी आमचं जमत नाही.

मुलं चौदा-पंधराची झाली की प्रश्न परीक्षेचा होतो. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ‘सतरा नंबरचा फॉर्म’ भरून बाहेरून दहावीला बसता येतं. पण त्याला शाळा सोडल्याचा दाखला जोडावा लागतो. जे मूल शाळेत गेलंच नाही, त्याने तो कुठून आणायचा? त्यामुळे बहुतेकांचा ओढा १९८९ साली ‘राष्ट्रीय मुक्त शाळा’ म्हणून सुरू झालेल्या, आता ‘एनआयओएस’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मंडळाकडे. तिथे चौदा वर्षं पूर्ण झाल्यावर दहावीला बसता येतं, आणि त्याखाली तिसरी, पाचवी, आठवीशी समकक्ष असे तीन स्तर आहेत. काही जण खासगी उमेदवार म्हणून इंग्लंडच्या मंडळाची परीक्षा देतात. तिचं शुल्क सगळ्यांना झेपणारं नाही. २०१६ साली दहावी-बारावी न झालेल्या मुंबईच्या एका मुलीला संगणकशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमधल्या पदकांच्या जोरावर अमेरिकेतल्या नामांकित विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि महिनाभर आमच्या फोनला उसंत नव्हती. त्या एका उदाहरणाने अपेक्षा फार वाढवून ठेवल्या. घरी शिकणारी बहुतेक मुलं साधी मुलं असतात.

२०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि पहिली-दुसरीची मुलं २०२१ च्या डिसेंबरपर्यंत, काही ठिकाणी त्यानंतरही घरातच राहिली. पडद्यावर चाललेला वर्ग म्हणजे घरी शिकणं, असा समज त्या दीड-पावणेदोन वर्षांत पसरला, तो अजून निघालेला नाही. पण त्याच काळात काही घरांना आपलं मूल कसं शिकतं हे पहिल्यांदा जवळून दिसलं आणि शाळा उघडल्यावर ती परत गेली नाहीत. २०२० च्या शैक्षणिक धोरणात औपचारिक आणि अनौपचारिक अशा अनेक वाटांचा उल्लेख आहे. घरी शिकवण्याचा पर्याय त्यात आहे तो पुन्हा तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांपुरताच. आता प्रत्येक विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक शाळेमार्फत तयार होतो, त्यामुळे शाळेत नाव नसलेल्या मुलाला तो मिळण्याची सोपी वाट नाही.

मागच्या पाहणीत आमच्या दारी जवळच्या शाळेतल्या एक बाई आल्या होत्या. त्या दिवशी फरशीवर भाजणीचं धान्य पसरलेलं होतं, धाकटी वजनकाट्यावर धने तोलत होती. बाईंनी तिला चार प्रश्न विचारले, तिने उत्तरं दिली, मग तिनेच बाईंना उडीद आणि हरभऱ्याची डाळ किती वेळ भाजायची ते सांगितलं. बाईंनी वही उघडली. कारणांच्या रकान्यात स्थलांतर, बालमजुरी, आजारपण, घरची लहान भावंडं सांभाळणं असं एकाखाली एक होतं. त्यांनी बोट फिरवत शेवटपर्यंत नेलं, थोडा वेळ थांबल्या, आणि ‘इतर’पुढे खूण केली.