चाकजुळणी

मोटारगाडीची चारही चाके जमिनीशी, गाडीच्या मध्यरेषेशी आणि एकमेकांशी कोणत्या कोनांत असावीत हे ठरवून ती तशी बसविण्याच्या क्रियेला चाकजुळणी म्हणतात. गॅरेजांत ‘अलाइनमेंट’ हाच शब्द रूढ आहे. रिमला वजने लावून चाकाचे फिरणे समतोल करण्याच्या ‘बॅलन्सिंग’शी तिची गल्लत होते, वास्तविक या दोन स्वतंत्र क्रिया आहेत. चाकजुळणीत मुख्यतः तीन कोन येतात. वरून पाहता चाकांची पुढची टोके आत (टो-इन) वा बाहेर (टो-आउट) वळलेली असणे म्हणजे टो, समोरून पाहता चाकाचा वरचा भाग आत (ऋण) वा बाहेर (धन) कललेला असणे म्हणजे कॅम्बर, आणि चाक ज्या अक्षाभोवती वळते तो अक्ष बाजूने पाहता मागे वा पुढे झुकलेला असणे म्हणजे कॅस्टर.

या कोनांचा उगम घोडागाड्यांपर्यंत मागे जातो. वळणावर आतले चाक लहान वर्तुळावर फिरते, म्हणून ते बाहेरच्या चाकापेक्षा अधिक वळावे लागते. या रचनेला ‘ॲकरमन भूमिती’ असे नाव आहे. मात्र ज्याचे नाव तिला मिळाले त्याची ही कल्पना नव्हे. रूडॉल्फ ॲकरमन हा लंडनमध्ये स्थायिक झालेला जर्मन प्रकाशक असून, १८१८ मध्ये त्याने इंग्लंडात घेतलेले पेटंट म्युनिकचा गाडीकारागीर गेओर्ग लांकेन्स्पेर्गर याच्या सुमारे १८१६–१७ मधील रचनेचे होते. वाद आहे तो त्याही आधीचा. फिरतीवर असणारे इंग्रज वैद्य इरॅस्मस डार्विन यांनी सुमारे १७५८–५९ मध्ये आपल्या गाडीसाठी अशाच तत्त्वाची सुकाणू यंत्रणा योजली होती; पण तिचे पेटंट त्यांनी घेतले नाही. त्यामुळे प्राथम्य डार्विन यांना आणि प्रसाराचे श्रेय लांकेन्स्पेर्गर–ॲकरमन यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. पुढे १८७८ च्या सुमारास फ्रेंच गाडीकारागीर शार्ल झाँतो याने स्टीअरिंगच्या भुजांच्या रेषा मागील आसाच्या मध्याकडे नेण्याची सोपी आकृती मांडली. आजच्या गाड्यांत हा कोन भुजांच्या आकारातच ठरलेला असतो, तो गॅरेजात बदलता येत नाही.

टो-इन कशासाठी आले, याची दोन स्पष्टीकरणे दिली जातात. लाकडी चाके बशीसारखी खोलगट असत आणि खालचा आरा उभा राहावा म्हणून आसाची टोके खाली झुकविली जात; अशी कललेली चाके बाहेरच्या बाजूस पळू पाहत, तेव्हा त्यांना आवरण्यासाठी कारागीर ती पुढून किंचित आत वळवीत. दुसऱ्या स्पष्टीकरणानुसार, चालत्या गाडीत टायरवर मागे खेचणारा रोध वळण-अक्षाच्या बाहेरच्या बाजूस लागतो, त्यामुळे सांध्यांतील ढिलाईइतकी पुढची चाके फाकतात आणि ते आधीच भरून काढावे लागते. पहिले स्पष्टीकरण ऐतिहासिकदृष्ट्या ग्राह्य असले, तरी आजच्या ऋण कॅम्बरच्या गाड्यांना दुसरेच अधिक लागू पडते. पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीत इंजिनाचा जोर चाकांना उलट आत वळवू पाहतो. म्हणून अशा पुष्कळ गाड्यांत टो शून्याच्या अगदी जवळ, क्वचित किंचित बाहेर ठेवलेला आढळतो.

टायरच्या झिजेवर सर्वांत मोठा परिणाम टोचा होतो. एका चाकाचा टो ०.१° चुकला, तर दर किलोमीटरला ते चाक सुमारे १.७५ मी. आडवे खेचले जाते. नाशिक ते मुंबई या सुमारे १६५ कि.मी.च्या एका खेपेत हे आडवे अंतर सुमारे २९० मी. होते. त्यातील काही भाग रबराच्या लवचिकतेत जिरतो, उरलेला ट्रेडवर, म्हणजे टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीदार थरावर, घासला जातो. टो-इन जास्त असल्यास बाहेरची कड आणि टो-आउट जास्त असल्यास आतली कड झिजते. ट्रेडवरून आडवा हात फिरविल्यास एका दिशेने गुळगुळीत व दुसरीकडून करवतीसारखी धार लागते, ही टोची ओळखखूण होय. टो मिलिमीटरमध्ये सांगण्याची जुनी पद्धत दिशाभूल करणारी आहे, कारण १४ इंची रिमवर एकूण १ मिमी. म्हणजे सुमारे ०.१६°, तर १७ इंचीवर सुमारे ०.१३° भरतात. म्हणून अंश व कला (अंशाचा साठावा भाग) यांतील आकडाच विचारून घ्यावा.

कॅम्बरची गोष्ट वेगळी आहे. वळणावर गाडीचा सांगाडा बाहेर कलतो आणि बाहेरचे, म्हणजे सर्वाधिक भार पेलणारे चाकही त्याच्याबरोबर बाहेर झुकते. अमेरिकन अभियंता अर्ल मॅकफर्सन याची, १९४९–५० च्या सुमारास फोर्डच्या युरोपीय गाड्यांतून रूढ झालेली सस्पेन्शनची स्ट्रट रचना स्वस्त व आटोपशीर असली, तरी हा कल भरून काढण्यात दुबळी आहे. त्यासाठी चाक मुळातच थोडे आत कललेले, म्हणजे ऋण कॅम्बरचे ठेवतात. सामान्य गाडीत तो शून्य ते उणे १° असतो; वळणांवर पकड हवी असणारे चालक उणे १.५° पर्यंत जातात. टो अचूक असेल तर एवढ्या कॅम्बरने आतली कड फारच थोडी अधिक झिजते. आतून संपलेल्या टायरचा दोष कॅम्बरवर टाकण्याची प्रथा आहे, पण बहुधा खरे कारण त्याच्या जोडीला असलेला टो-आउट असतो.

कॅस्टर टायर फारसे झिजवीत नाही. तो वाढविल्यास वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ येते आणि स्टीअरिंग वळवताच बाहेरच्या चाकाला जादा ऋण कॅम्बर मिळतो. पकड व टायरचे आयुष्य दोन्ही साधणारा हा कोन बहुतेक लहान गाड्यांत बदलता येत नाही.

यावरून निवडीचा क्रम ठरतो: हाताळणी सुधारायची असेल तर ती कॅम्बर व कॅस्टर यांतून घ्यावी, टोमधून घेऊ नये. पुढचा टो-आउट वाढवून स्टीअरिंग चपळ होते खरे, पण त्याची किंमत सरळ रस्त्यावर प्रत्येक किलोमीटरला मोजावी लागते. मागच्या चाकांचा टो-आउट तर धोकादायक आहे. ओल्या रस्त्यावर गाडीची शेपूट सुटते. कारखान्याने दिलेल्या मर्यादा रुंद असतात, आणि मोजणी यंत्राच्या पडद्यावरचा आकडा हिरवा, म्हणजे मर्यादेत, दिसला म्हणजे तो योग्य टोकाला आहे असे होत नाही. दोन्ही बाजूंचे आकडे सारखे आहेत की नाहीत हे पाहणे अधिक महत्त्वाचे.

नाशिक परिसरात एकाच शहरातील दोन गाड्यांना वेगळी मापे का लागतात हे चांगले दिसते. सिन्नरमार्गे पुण्याच्या रस्त्यावर किंवा इगतपुरीहून समृद्धी महामार्गाने जाणारी गाडी बहुतेक वेळ सरळ धावते. तिला शून्याजवळचा टो आणि अर्ध्या अंशाच्या आतला ऋण कॅम्बर पुरतो. सप्तशृंगगडाचा किंवा कसाऱ्याचा घाट वारंवार चढणाऱ्या, भरलेल्या गाडीच्या पुढच्या टायरची बाहेरची कड वळणांवर चिरडली जाते. तिथे उणे १° च्या आसपासचा कॅम्बर झीज वाढवीत नाही, उलट ती ट्रेडभर पसरवून टायर टिकवतो. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून रस्त्याला डावीकडे सुमारे दोन ते अडीच टक्के उतार दिलेला असतो, त्यामुळे गाडी डावीकडे ओढते. कोन बदलता येत असल्यास उजव्या चाकाचा कॅम्बर पाव अंशाने अधिक धन ठेवून हे सावरता येते. मात्र त्याआधी पुढचे टायर आपसांत बदलून ओढ टायरमुळेच नाही ना, हे पाहावे.

मोजणीपूर्वी टायरमधील हवा, बॉल जॉइंट (चाकाचे गोळीचे सांधे) व बुश (सांध्यांतील रबरी जोड) तपासावे लागतात. ढिल्या सांध्यावर घेतलेले माप पहिल्या खड्ड्यापर्यंतच टिकते. प्रथम मागची चाके, मग कॅस्टर, कॅम्बर आणि शेवटी टो असा क्रम पाळतात, कारण कॅम्बर हलविला की टो बदलतो. टो जुळविताना दोन्ही टाय रॉड (चाकांना स्टीअरिंगशी जोडणारे दांडे) सारखे फिरविले नाहीत, तर गाडी सरळ चालते, पण स्टीअरिंग वाकडे राहते.