दंतबंधक द्रव्य

दातातील कीड काढल्यावर पोकळीत दाताच्या रंगाचे कंपोझिट भरतात. ते दाताला धरून ठेवणारे पातळ द्रव्य म्हणजे दंतबंधक. दवाखान्यात त्याला ‘बाँडिंग’ म्हणतात. चांदीचे भरण पोकळीच्या आकारात अडकून टिके, त्यासाठी दाताचा निरोगी भागही कोरावा लागे. कंपोझिटला तशी कोरणी लागत नाही, पण निळ्या प्रकाशाने घट्ट होताना ते आक्रसते. बंध कच्चा असेल तर कडेला फट पडते, सणका येतात आणि आत पुन्हा कीड धरते.

दंतवल्काचा, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण आवरणाचा, प्रश्न लवकर सुटला. दंतसंशोधक मायकेल बुओनोकोर यांनी 1955 मध्ये 85 टक्के फॉस्फोरिक आम्ल 30 सेकंद लावून दंतवल्क सूक्ष्म खडबडीत केले. आज साधारण 37 टक्के आम्ल वापरतात. दंतवल्कात वजनाने सुमारे 96 टक्के खनिज असते. त्यातील खाचांत बंधकातील रेझीन, म्हणजे घट्ट होणारे राळेसारखे द्रव्य, उतरून पक्के बसते.

खरी अडचण त्याच्या आतल्या थराची, म्हणजे दंतिनाची. त्यात खनिज सुमारे 70 टक्केच, बाकी कोलॅजन हे तंतुमय प्रथिन आणि पाणी. शिवाय दाताच्या गाभ्यातील दंतमज्जेकडून येणाऱ्या सूक्ष्म नलिकांतून द्रव सतत पाझरतो. आम्लाने खनिज विरघळले की कोलॅजनची जाळी उघडी पडते. ती फार सुकवली तर कोसळते आणि रेझीन आत शिरत नाही; फार ओली ठेवली तर पाणी अडकते. रेझीन व कोलॅजन एकजीव झालेल्या या पट्ट्याचे, म्हणजे संकरित थराचे, वर्णन जपानी संशोधक नोबुओ नाकाबायाशी यांनी 1982 मध्ये केले. बंध वर्षानुवर्षे झिजतो तो याच थरात. रेझीन पाणी शोषते आणि आम्लाने जागी झालेली दंतिनातील विकरे (एन्झाइम) उघडे कोलॅजन तोडतात. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने ही विकरे रोखता येतात, हे प्रयोगशाळेत दिसले. रुग्णांवरील चाचण्यांत मात्र तसा ठळक फायदा सिद्ध झालेला नाही. अधिक भरवशाची वाट बंधकात घातलेल्या 10-एमडीपी या रेणूची आहे. तो दातातील कॅल्शियमशी रासायनिक बंध जोडतो. म्हणून दंतिनावर सौम्य, स्वतःच आम्लकार्य करणारे द्रव्य आणि वेगळे आम्ल फक्त दंतवल्काच्या कडेला, ही पद्धत अनेक जण पसंत करतात. द्रव्य चोळून लावणे आणि त्यातील द्रावक हवेने नीट उडवणे यांनाही तेवढेच महत्त्व आहे. घाईत हेच राहून जाते.

गोव्याच्या दमट हवेत बाटली हाताळतानाही जपावे लागते. फ्रिजमधून काढलेली बाटली लगेच उघडली तर आत दव धरते, आणि झाकण उघडे राहिले तर ॲसिटोन किंवा अल्कोहोल उडून द्रव्य दाट होते. पण बंधाला मोठा धोका तोंडातल्या ओलाव्याचा: लाळ, रक्त, श्वासातील वाफ. पेडण्याच्या खासगी दवाखान्यात असो की बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात, रबर डॅम, म्हणजे रबराचा पातळ पडदा, लावून दात वेगळा करणे हा त्यावरचा चांगला उपाय. तो जमत नसेल तेव्हा कापसाचे बोळे आणि लाळ ओढणारी नळी वापरतात.

हिरडीलगत झिजून पडलेल्या खाचा ही बंधकाची सर्वांत कठोर परीक्षा. तिथे भरणाला अडकायला आकारच नसतो, म्हणून नव्या द्रव्यांच्या चाचण्याही बहुधा याच खाचांवर होतात. वयस्कांत तिथले दंतिन काचेसारखे कठीण होते, त्यातल्या नलिका खनिजाने बुजतात. तेव्हा पृष्ठभाग बर या फिरत्या कोरणीने हलका खरवडून मगच बंधक लावतात.