खरा एसव्हीसीहोस्ट आणि त्याचा तोतया

गेल्या पावसाळ्यात नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमधून मला बोलावणे आले, तेव्हा ऑफिसातला संगणक निळ्या पडद्यावर येऊन अडकला होता. चलने आणि ई-वे बिले सांभाळणाऱ्या मुलाने संगणकावर काय काय चालू आहे ते दाखवणाऱ्या टास्क मॅनेजरमधला तपशिलाचा भाग उघडला होता आणि तिथे ‘एसव्हीसीहोस्ट डॉट ईएक्सई’ (svchost.exe) हे एकच नाव साठ-सत्तर वेळा पाहून हा सगळा ट्रोजनचाच, म्हणजे साळसूद रूप घेऊन घुसणाऱ्या घातक प्रोग्रॅमचाच पसारा आहे, असे त्याला वाटले होते. त्याने एकेक प्रत बंद करायला घेतली. एका टप्प्यावर विंडोजने ‘हे बंद केल्यास संगणक बंद पडेल आणि जतन न केलेले काम जाईल’ असा स्पष्ट इशारा दिला, तरी त्याने त्याखालच्या चौकटीत टिकमार्क करून पुढे जाण्याचे बटण दाबले. ‘सर, मी फक्त व्हायरस काढत होतो,’ एवढेच तो सांगत राहिला. त्याने बंद केलेल्या सगळ्या प्रती खऱ्या होत्या. खोटी प्रत त्याच यादीत होती आणि तिला कोणीही हात लावला नव्हता.

खरा एसव्हीसीहोस्ट हा विंडोजचाच घटक आहे आणि इतर सेवांना चालण्यासाठी घर पुरवणे हे त्याचे काम आहे. अपडेट, नेटवर्क, घड्याळाची वेळ जुळवणे अशा पडद्यामागे चालणाऱ्या कितीतरी सेवा डीएलएल, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येणाऱ्या कोडच्या फाइलच्या स्वरूपात असतात, आणि डीएलएल फाइल स्वतःहून चालू शकत नसल्यामुळे तिला चालवणारा कोणीतरी यजमान लागतो. पूर्वी एकेका यजमानाकडे अनेक सेवा एकत्र नांदत असत. २०१७ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या १७०३ या आवृत्तीपासून मात्र, साडेतीन जीबीपेक्षा जास्त रॅम असलेल्या संगणकावर बहुतेक सेवांना स्वतंत्र यजमान मिळू लागला, जेणेकरून एक सेवा कोसळली तरी तिच्याबरोबर इतर सेवा कोसळू नयेत. म्हणून आजच्या संगणकावर हे नाव साठ-सत्तर वेळा दिसणे हे प्रकृती ठीक असल्याचेच चिन्ह आहे.

ट्रोजन रचणाऱ्यांना नेमकी हीच गर्दी सोयीची वाटते, कारण सत्तर सारख्या नावांत एकाहत्तरावे नाव कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. कधी अक्षरांची अदलाबदल करून ‘एससीव्हीहोस्ट’ असे नाव घेतलेले असते, कधी इंग्रजी ‘ओ’च्या जागी शून्य बसवलेले असते, आणि पुष्कळदा नावात काहीही फरक नसतो. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला, तेव्हा रूप पाहून त्याला भाऊसाहेब मानणारी माणसे होतीच. तो मुळात कोण आणि कुठला, याची चौकशी झाली तेव्हा खरेखोटे बाहेर आले आणि १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला. इथेही नाव आणि रूप बाजूला ठेवून ‘कोण, कुठला’ हाच प्रश्न विचारावा लागतो.

पहिली चौकशी पत्त्याची करावी. टास्क मॅनेजरमध्ये त्या नावावर उजवी क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडले, तर खरी फाइल सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरातल्या सिस्टम३२ मध्ये सापडते. तिची ३२-बिट प्रत सिसवॉव६४ या फोल्डरात असते आणि तीही खरीच असते. या वर्कशॉपमधली एक नोंद मात्र वापरकर्त्याच्या ॲपडेटा फोल्डरातल्या रोमिंगमध्ये घेऊन गेली, आणि तिथे बसलेल्या फाइलचे चिन्ह चक्क पिवळ्या फोल्डरचे होते. खरा एसव्हीसीहोस्ट असा वेष घेत नाही.

दुसरी चौकशी कुळाची. खऱ्या एसव्हीसीहोस्टला ‘सर्व्हिसेस डॉट ईएक्सई’ हा घटक जन्म देतो, आणि त्याच्या कमांड लाइनमध्ये, म्हणजे त्याला सुरू करणाऱ्या आज्ञेच्या ओळीत, ‘-के’ (-k) या खुणेपुढे सेवागटाचे नाव असते. टास्क मॅनेजरमध्ये कमांड लाइनचा रकाना जोडता येतो. कोणी कोणाला सुरू केले, ही वंशावळ मायक्रोसॉफ्टच्या मोफत मिळणाऱ्या प्रोसेस एक्सप्लोररमध्ये दिसते आणि फाइलवरची डिजिटल स्वाक्षरीही तिथेच पडताळता येते. प्रक्रिया कोणाच्या नावाने चालते, यावर काही जण भर देतात. मला ती खूण अपुरी वाटते, कारण विंडोज १० पासून काही खऱ्या प्रतीही वापरकर्त्याच्या नावाने चालतात.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी: पत्ता, कूळ आणि स्वाक्षरी या तिन्ही गोष्टी बरोबर असूनही संगणक बाधित असू शकतो. २००८ मध्ये पसरलेल्या कॉन्फिकर या घातक प्रोग्रॅमने स्वतःला डीएलएल म्हणून खऱ्या एसव्हीसीहोस्टच्या सेवागटात घुसवले होते, म्हणजे घर खरे आणि भाडेकरू चोर, अशी स्थिती होती. त्यामुळे चौकशीत काही सापडले नाही, तरी संशय फिटत नसल्यास पूर्ण स्कॅन टाळू नये.

तोतया सापडल्यावर घाईने डिलीट दाबण्याचा मोह होतो, पण ती फाइल एकटी नसते. संगणक सुरू होताच तिला पुन्हा उभी करणारी नोंद स्टार्टअपमध्ये किंवा टास्क शेड्युलरमध्ये दडलेली असते. म्हणून मी आधी नेटवर्कची केबल काढली आणि वाय-फाय बंद केले. नंतर विंडोज सिक्युरिटीच्या स्कॅनच्या पर्यायांतून मायक्रोसॉफ्ट डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावला. तो विंडोज सुरू होण्याआधीच चालत असल्यामुळे तोतयाला जागे होऊन लपण्याची संधी मिळत नाही, आणि त्याला साधारण पंधरा मिनिटे लागतात. त्याने फाइल पकडून क्वारंटाइनमध्ये, म्हणजे ती चालू शकणार नाही अशा वेगळ्या कोठडीत टाकली. मग संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या गोष्टींची यादी दाखवणारे ऑटोरन्स हे साधन उघडून, रोमिंगमधल्या त्याच पत्त्याकडे बोट दाखवणारी उरलेली नोंद मी काढली आणि पुन्हा एकदा पूर्ण स्कॅन केला. ज्यांच्याकडे ही साधने हाताळणारे कोणी नाही, त्यांना सर्ट-इन या सायबर सुरक्षेसाठीच्या सरकारी संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्राची मोफत साधने वापरता येतील.

पासवर्ड बदलण्याचे काम त्या संगणकावर करायचे नाही, ते दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरूनच करावे. बँकेचा, जीएसटीचा आणि ईमेलचा पासवर्ड आम्ही मालकांच्या फोनवरून बदलला. खात्यातून पैसे गेले असते, तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर कळवावे लागले असते, कारण रक्कम पुढच्या खात्यांत सरकण्याआधी गोठवली गेली तरच ती परत मिळण्याची आशा असते.

राहिला प्रश्न, तोतया आला कुठून. टेबलावर सीएनसीची ड्रॉइंग्ज असलेला पेन ड्राइव्ह पडला होता. विंडोजमध्ये फाइलचे एक्स्टेन्शन दाखवण्याचा पर्याय सुरू करून तो उघडला, तेव्हा ‘ड्रॉइंग्ज’ नावाच्या फोल्डरपुढे ‘डॉट ईएक्सई’ लागलेले दिसले आणि प्रकाराच्या रकान्यात ‘फाइल फोल्डर’ऐवजी ‘ॲप्लिकेशन’ असे होते. खरा फोल्डर शेजारीच लपवून ठेवलेला होता. त्यातली ड्रॉइंग्ज बाजूला काढून मी पेन ड्राइव्ह फॉरमॅट केला, आणि तो सातपूरच्या ज्या जॉबवर्कवाल्याकडून आला होता, त्यांना फोन लावला. त्यांच्या संगणकावरही एसव्हीसीहोस्टच्या साठ-सत्तर नोंदी होत्या. त्यांतली कोणतीही बंद न करता प्रत्येकीचा पत्ता तेवढा पाहा, असे मी त्यांना सांगितले.